जात्यावरच्या ओव्या : आपल्याच आवाजाची न ऐकलेली रेकॉर्ड

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

  मिरजगावहून बोलतेय.

एरवी मी तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल, बँकेच्या कागदांबद्दल बोलते. आज गाण्याबद्दल बोलणार आहे. मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक संपली आणि चहा होईपर्यंत मी मोबाइलवर एक गाणं लावलं. त्यात ना ढोलकी, ना पेटी. एकटी बाई गात होती. तरण्या सुना एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, हे कसलं गाणं म्हणून. पण भिंतीला टेकून बसलेल्या आजींचा हात मांडीवर हळूहळू गोल फिरायला लागला. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "ही कोण गं? आपल्याकडची हाय का?"

मी म्हटलं, "नाही आजी, परभणीकडची. आणि हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेलं आहे."

आजी म्हणाल्या, "आन् हे कुणी कशापायी भरून ठिवलं? दळताना तोंड चालायचं, एवढंच. ह्याला काय गाणं म्हणत्यात व्हय?"

आजींनी दोन प्रश्न विचारले. कुणी भरून ठेवलं आणि कशापायी. त्या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजे आजचं भाषण.

कुणी भरून ठेवलं

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ असे दोन अभ्यासक काम करत होते. हेमाताई इथल्याच. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, पण ते भारतात आले, मराठी शिकले आणि इथलेच नागरिक झाले. मुळशी-मावळच्या डोंगराळ भागातल्या गरीब माणसांच्या संघटनेचं काम ते करत. पुण्यात त्यांनी 'सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' ही संस्था उभी केली.

गावातल्या बायांशी बोलताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सभेत बाईला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" तर ती पदर तोंडाला लावते आणि गप्प बसते. पण तीच बाई जात्यावर बसली की सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, लेकीबद्दल, देवाबद्दल इतकं बोलते की ऐकणाऱ्याने थक्क व्हावं. म्हणजे बाईला बोलता येत नाही असं नाही. तिची बोलण्याची जागा वेगळी आहे.

मग १९८० च्या दशकात ओव्या गोळा करण्याचं काम सुरू झालं. हे काम एकट्या-दुकट्याचं नव्हतं. गावोगावच्या कार्यकर्त्या, लिहिता-वाचता येणारी पोरं, शेजारच्या गावात माहेर असलेल्या बाया, असे कितीतरी हात त्याला लागले. आधी ओव्या वहीत उतरवून घेतल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्हींचे फ्रेंच अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. तेव्हापासून बायांचे आवाजही रेकॉर्ड व्हायला लागले.

हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या, एवढा हा साठा आहे. शंभरावर तासांचे आवाज आहेत. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला आहे. ओव्या विषयांप्रमाणे लावल्या आहेत. आई, भाऊ, माहेर, सासर, सीता, रुक्मिणी, विठ्ठल, बाबासाहेब, असे अनेक कप्पे त्यात आहेत.

पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. त्यानंतर हा सगळा ठेवा 'पारी' या संकेतस्थळाकडे आला. 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया', पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं, खेड्यापाड्यातल्या माणसांचं संग्रहालय. मार्च २०१७ पासून तिथे या ओव्या एकेक करून येऊ लागल्या. आवाज आहे, मराठी शब्द आहेत, इंग्रजी अर्थ आहे. पैसे लागत नाहीत. मोबाइलवर ऐकता येतं.

एवढं मोठं काम आपल्या भाषेत, आपल्यासारख्या बायांचं झालेलं आहे. आणि आमच्या बैठकीला आलेल्या बायांपैकी एकीनेही त्याचं नाव ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते फार उशिरा कळलं.

ओवी कशी चालते

नव्या मुलींनी जातं पाहिलं असेल ते लग्नात, हळद दळण्यापुरतं. म्हणून थोडं समजावून सांगते.

जात्याला दोन दगड. खालचा स्थिर, वरचा फिरणारा. वरच्याला मध्ये तोंड, तिथून मूठमूठ दाणे टाकायचे. कडेला लाकडी खुंटा, तो धरून फिरवायचं. आपल्या कर्जत तालुक्यात ज्वारीच मुख्य. घरात दहा माणसं असली की रोज पहाटे उठून पायलीच्या हिशेबात दळण व्हायचं. दोघी समोरासमोर बसायच्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. जावा-जावा, सासू-सून, नणंद-भावजय. दिवसभर ज्यांचं एकमेकींशी पटत नसे, त्यांनाही पहाटे एकच खुंटा ओढावा लागे.

ओवीचा ताल इथून येतो. दगड एक फेरा घेतो तेवढा श्वास, तेवढाच शब्द. बहुतेक ओव्या दोन ओळींच्या असतात. पहिल्या ओळीत काहीतरी दिसतं. वाट, डोंगर, पाऊस, दारातलं झाड. दुसऱ्या ओळीत मनातलं येतं. ओळीच्या शेवटी यमक जुळतं. शब्द कमी पडला तर "बाई", "सये", "सांगते" असे शब्द घालून ती फेरा पूर्ण करते. एकीने ओळ उचलली की दुसरी तिच्यात आवाज मिळवते. तेवढ्यात पहिलीला पुढची ओळ सुचते.

पहिल्या ओव्या देवाला. मग आई-बाप, भाऊ. आणि जातं तापलं, हात सैल झाला, की मग खरं दुखणं बाहेर येतं. त्या वेळी घरातली पुरुष माणसं झोपेत असत. कुणी ऐकत नाही म्हणूनच बाई मोकळी गात असे. काही बायांच्या ओव्यांत तर जात्यालाच देव म्हटलंय, कारण मनातलं सगळं ऐकून घेणारं घरात तेवढं एकच होतं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला संत जनाबाईंचं म्हणून जातं दाखवतात. विठ्ठल येऊन जनीबरोबर दळू लागतो, ही कथा आपल्याला पाठ आहे. दळताना आपल्या बरोबरीने कुणी हात लावावा, ही त्या बाईची केवढी मोठी इच्छा असेल, ते खुंटा ओढलेल्या बाईलाच कळेल.

काय ऐकायचं

आता मी बैठकीत लावलेलं गाणं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचं. त्यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायल्या आहेत. रामायणातल्या सीतेबद्दल आपण कीर्तनात ऐकतो, पण तिथे बहुतेकदा राम मोठा असतो. जात्यावरच्या ओव्यांत सीता मोठी असते. गरोदर असताना घराबाहेर काढलेली, रानात एकटी बाळंत झालेली. गंगूबाईंच्या आवाजात घाई नाही, रडणंही नाही. एखादी बाई शेजारणीला सांगते तसं त्या सांगतात. म्हणूनच ते काळजाला लागतं. ऐकताना कळतं, सीता हे नाव आहे, गोष्ट बाईची आहे.

दुसरी ऐका बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या राधाबाई बोऱ्हाडे यांची. त्यांनी बाबासाहेबांच्या, बुद्धाच्या आणि धम्माच्या ओव्या गायल्या आहेत. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, ते आपण पुस्तकात वाचतो. पण वाड्या-वस्त्यांवरच्या बायांच्या मनात तेव्हा काय झालं, त्यांना कसली उमेद आली, ते या ओव्यांत ऐकू येतं. जातं तेच, चाल तीच, पण पहिली ओवी आता बाबासाहेबांना. गाणं जुनं म्हणजे त्यातला विचारही जुनाच असतो, हा आपला समज इथे गळून पडतो.

तिसऱ्या, पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातल्या कोळवडे गावच्या बाया. तिथे घोळक्याने गायलेल्या ओव्या आहेत. एकीच्या शब्दावर दुसरी कशी चढते, हे त्यात छान कळतं.

एक सांगून ठेवते. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा सगळ्या ओव्यांची चाल एकसारखी वाटेल. सिनेमाच्या गाण्यासारखं तीन मिनिटांत सगळं मिळत नाही. दोघीतिघी मिळून ऐका. एकीने पडद्यावरचे शब्द वाचावेत. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द उमगतात, तिसऱ्यांदा ऐकताना ती बाई दिसायला लागते.

मग हे मागे का राहिलं?

पहिलं कारण सरळ आहे. विजेची गिरणी आली. आणि बायांनो, गिरणी आली ते बरंच झालं. पहाटेचे दोन-दोन तास खुंटा ओढून खांदे निखळायचे. बाळंतीण असो, आजारी असो, दळण चुकत नसे. जातं परत आणा असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तर आजीच मला उठवून लावतील. पण जात्याचं ओझं उतरलं तेव्हा त्याबरोबर बाईची गाण्याची जागाही गेली, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसरं कारण, शब्द जपले गेले पण आवाज राहिले. साने गुरुजींनी बायांकडून ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे कितीतरी पुस्तकं काढली. हे उपकार मोठे आहेत. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. तोवर बहिणाबाई जाऊन वर्ष उलटलं होतं. पुस्तकात शब्द सापडतात. पण दम कुठे लागला, कुठे गळा भरून आला, कुठे दोघी एकदम हसल्या, ते कागदावर येत नाही. त्यासाठी आवाजच लागतो.

तिसरं कारण सगळ्यांत जड आहे. आपणच याला गाणं मानलं नाही. "ह्याला काय गाणं म्हणत्यात व्हय?" हे आजी म्हणाल्या, तेच आपण सगळ्याजणी म्हणत आलो. स्वयंपाकाला काम मानायचं नाही, शेतातल्या निंदणीला कष्ट मानायचे नाहीत, आणि जात्यावरच्या ओवीला गाणं मानायचं नाही. तिघांचं कारण एकच, ते बाईने केलं आणि त्याचे पैसे मिळाले नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये वॅश्टी बन्यन नावाची एक गायिका आहे. तरुणपणी ती घोडागाडी घेऊन लंडनहून दूर स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. वाटेत तिने गाणी रचली. चूल, घोडा, पाऊस, तळं, अशी साधी गाणी. १९७० साली त्यांची रेकॉर्ड निघाली, 'जस्ट अनदर डायमंड डे' नावाची. अशा गाण्यांना तिकडे अकॉस्टिक म्हणतात, म्हणजे विजेवर चालणारी वाद्यं न घेता साध्या वाद्यांवर गायलेली. रेकॉर्ड फारशी खपलीच नाही. आपल्याला काही येत नाही असं समजून तिने गाणं सोडलं आणि लेकरं वाढवली, संसार केला. तीस वर्षांनी, २००० साली ती रेकॉर्ड पुन्हा निघाली, आणि नव्या पिढीच्या पोरापोरींनी ती डोक्यावर घेतली. मग २००५ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी, तिने दुसरी रेकॉर्ड केली.

तिच्या गाण्यात मधल्या काळात एक अक्षरही बदललं नव्हतं. तिला ऐकणारी माणसं तेवढी उशिरा आली. पण ती आली तेव्हा रेकॉर्ड जागेवर होती, हे महत्त्वाचं. आवाज भरून ठेवलेला असेल तर उशीर चालतो. तो भरूनच ठेवला नसेल तर मग काहीच करता येत नाही.

माझी चूक

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या आजीला दोनशे-तीनशे ओव्या येत असतील. मोजल्या कुणी? एका दिवाळीत मी साध्या मोबाइलवर तिच्या दहा-बारा ओव्या भरून घेतल्या. तिला ऐकवल्या तर ती लाजली, म्हणाली, "बंद कर, कसा घोगरा येतोय." पुढे तो मोबाइल पाण्याच्या टाकीत पडला. दुसरीकडे कुठे उतरवून घ्यावं, हे मला सुचलंच नव्हतं. म्हटलं, परत भरून घेऊ. ते राहून गेलं, आणि आजी गेली. आज माझ्याकडे तिचे फोटो आहेत, तिचं लुगडं आहे, बचत गटाच्या पहिल्या वहीत तिचा अंगठा आहे. आवाज नाही.

म्हणून आता आमच्या गटात आम्ही काय करतो ते सांगते. तुम्हालाही जमेल, खर्च काही नाही.

आधी आजींना विचारायचं. "भरून घेऊ का? कुणाला ऐकवलं तर चालेल का?" नाही म्हणाल्या तर नाही. काही ओव्या घरातल्या माणसांची नावं घेऊन गायलेल्या असतात, सासरचं दुखणं सांगणाऱ्या असतात. त्या विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकायच्या नाहीत. त्यावरून एखादीच्या घरात भांडण लागलं तर ते पाप आपलं.

दुपारची निवांत वेळ धरायची. टीव्ही बंद, पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर, म्हणजे मध्येच फोन येत नाही. मोबाइल हातात न धरता आजींपासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या कापडावर ठेवायचा. त्यातलं आवाज भरायचं साधं ॲप पुरतं. सुरुवातीला तारीख, गाव, गाणारीचं नाव आणि माहेरचं गाव तोंडाने सांगायचं. माहेर विसरू नका, कारण निम्म्या ओव्या माहेरूनच आलेल्या असतात.

खुर्चीवर बसवून "म्हणा आजी" म्हटलं तर त्यांना आठवत नाही. आमच्या आजी तशाच म्हणाल्या, "समदं इसरले बघ." मग एकीने घरामागे पडलेलं जातं धुऊन आणलं. आजींनी खुंट्याला हात लावला, दोन रिकामे फेरे घेतले आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. त्या दिवशी त्यांनी सतरा ओव्या गायल्या. जातं नसेल तर समोर दुसरी म्हातारी बसवा. एकीची ओळ ऐकून दुसरीला आठवतं.

मध्ये चुकल्या, थांबल्या, हसल्या तरी रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. संपल्यावर त्यांना ऐकवायचं. मग त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवायचं, एक मेमरी कार्डावर आणि एक दुसऱ्या बाईच्या मोबाइलवर. शब्द वहीत लिहायचे, आजी जसं बोलल्या तसेच. त्यांचं 'व्हय' खोडून 'होय' करायचं नाही.

'पारी'वर ओव्या शोधताना आपला जिल्हा, आपल्या माहेरचा तालुकाही बघा. ओळखीचं गाव भेटलं तर त्या गावच्या बायांना नक्की कळवा. आपल्या आजीचा आवाज तिथे आहे, हे त्यांच्या नातवंडांना माहीतही नसेल.

आता आजींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. कशापायी भरून ठेवलं? पुढच्या बैठकीत मी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. त्यांची शाळेत जाणारी नात शेजारी बसली होती. एका ओवीत आजींनी त्यांच्या लहानपणी गेलेल्या बहिणीचं नाव घेतलं होतं. नातीने विचारलं, "ही कोण?" घरात इतकी वर्षं कुणी ते नाव काढलं नव्हतं. आजी तिला सांगत बसल्या आणि आमचा चहा थंड झाला. निघताना मी विचारलं, "आजी, मग ह्याला गाणं म्हणायचं का नाही?" त्या म्हणाल्या, "म्हन बाई. आन् पुढल्या बारीला जातं जरा चांगलं धुऊन आना."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या की दहा मिनिटं राखून ठेवा. एक आजी आणि एक ओवी, एवढंच. वहीत जसा पैशाचा हिशेब लिहितो, तसं त्या दिवशी कुणी काय गायलं तेही लिहा.

पुन्हा भेटू. नमस्कार.